लीगल एडच्या वकिलाला पैसे कशाचे मिळतात आणि कशाचे मिळत नाहीत

प्रश्न एका वकील ताईंचा आहे. सनद घेऊन तीन वर्षं पूर्ण होत आलीत, तालुक्याला प्रॅक्टिस आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे गरजूंना मोफत वकील (लीगल एड) देणाऱ्या यंत्रणेने, पॅनलसाठी, म्हणजे केसमागे फी घेणाऱ्या वकिलांच्या यादीसाठी, अर्ज मागवलेत आणि त्याच सुमारास लोकअभिरक्षक कार्यालयात, जिथे महिन्याच्या मानधनावर पूर्णवेळ बचावाचं काम असतं, असिस्टंटची जागा निघालीये. सीनियर म्हणतात लीगल एडमध्ये पेट्रोलचे पण पैसे सुटत नाहीत, नादी लागू नका. तर पैसे नक्की कसे मिळतात, किती, कधी, आणि दोन्हीपैकी काय धरावं असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी सोळा वर्षं पॅनलवर फौजदारी काम केलं, त्यानंतर दोन वर्षं लोकअभिरक्षक कार्यालयात चीफ होतो, मुदत संपली आणि परत प्रायव्हेट प्रॅक्टिसला आलो, त्यामुळे दोन्ही बाजूंची बिलं मी स्वतःच्या हाताने भरलीत. उत्तर लांबेल, पण अर्ज करण्याआधी हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमचे सीनियर सांगतायत ते खोटं नाही पण अर्धं आहे. दर कमी आहे हे सगळेच बोलतात. खरं दुखणं दराच्या आधी सुरू होतं, पैसे मोजतात कशावर तिथे. लीगल एडचं बिल तारखांवर मोजलं जातं, म्हणजे कोर्टात उभं राहण्यावर, आणि आरोपीचा बचाव बहुतेक कोर्टाच्या बाहेर तयार होतो, जेलच्या मुलाखत खिडकीपाशी, चार्जशीट वाचताना, घटनास्थळी. त्या कामाला बिलात रकानाच नाही.

आधी हा पैसा येतो कुठून ते थोडक्यात. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एम. एच. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दिला, आपल्याच राज्याचा खटला होता. माणसाला तुरुंगात निकालाची प्रत सुद्धा वेळेवर मिळाली नव्हती आणि अपिलाला वर्षानुवर्षं उशीर झाला. न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हा सांगितलं की ज्या राज्याने खटला भरून माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं त्याच राज्याने त्याला दिलेल्या वकिलाची फी द्यायची, आणि ती किती हे कोर्ट न्याय्य पद्धतीने ठरवेल. म्हणजे ही फी तुमच्यावर केलेली मेहेरबानी नाही, ती खटल्याच्या खर्चाचाच भाग आहे, जसा सरकारी वकिलाचा पगार असतो तसा. पुढे मोफत वकिलाच्या हक्कावर १९७९ चा हुसैनारा खातून आणि १९८६ चा सुक दास हे निकाल आले, आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा प्रत्यक्षात ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्या कायद्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन पातळ्यांवर निधी आहेत. तुमचं बिल जिल्ह्याच्या निधीतून निघतं आणि जिल्ह्याला पैसा वरून येतो, त्यामुळे वर अडला की खाली अडतो.

कोणाला वकील मिळतो हे कलम १२ मध्ये आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, आणि उत्पन्नाची मर्यादा बसते असे बाकीचे, महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. पण फौजदारीत सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे कोठडीत असलेली व्यक्ती, तिला उत्पन्न विचारायचंच नसतं. हे पुष्कळ वकिलांना पण माहीत नसतं, ते आरोपीच्या बायकोला तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पळवतात आणि त्यात आठवडा जातो. महिला म्हणून किंवा कोठडीत आहे म्हणून अर्ज असेल तर दाखला लागत नाही, आणि उत्पन्नावरून अर्ज असेल तेव्हाही प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, कायद्यातच तसं लिहिलंय.

आता तुमच्या हातात केस येते कशी. रिमांडला आरोपी आला, साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, विचारलं वकील आहे का, नाही म्हणाला, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे किंवा तालुका समितीकडे कळवलं जातं आणि तुमच्या नावाचं नेमणूक पत्र निघतं. सेशनच्या खटल्यात हेच आधी सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ३०४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या (नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३४१ खाली होतं. कसाबच्या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं केलं तेव्हाच वकील मिळायला हवा, खटला उभा राहीपर्यंत थांबायचं नाही. ते नेमणूक पत्र म्हणजे तुमच्या बिलाचा पहिला कागद, त्याची झेरॉक्स पहिल्याच दिवशी फाईलला लावा. मी सुरुवातीला दोन केसमध्ये तोंडी सांगण्यावरून उभा राहिलो, वकीलपत्र घातलं, वर्षभर तारखा केल्या आणि शेवटी बिल लावायला गेलो तर पत्रच नव्हतं, ते साहेब बदलून गेले होते. एक पैसा मिळाला नाही. तेव्हापासून रिमांडला तातडीने उभं राहायला लागलं तरी संध्याकाळी ऑफिसला जाऊन पत्र घेऊनच मी घरी जायचो.

दरांचं सांगतो. नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय प्राधिकरणाने, राज्यांना किमान फीचा एक तक्ता दिला होता. त्यात खालच्या सगळ्या कोर्टांसाठी इफेक्टिव्ह तारखेला, म्हणजे ज्या दिवशी केस पुढे सरकली, ७५० रुपये, नॉन-इफेक्टिव्हला ५०० रुपये, आणि एका केसमधल्या सगळ्या तारखा मिळून जास्तीत जास्त ७,५०० रुपये. किरकोळ अर्जाला, त्यात जामीन अर्ज पण आला, ४०० रुपये आणि सगळे अर्ज मिळून ८०० च्या वर नाही. मोठ्या मसुद्याला, दावा, वैवाहिक अर्ज, अपील असल्या गोष्टींना १,२०० रुपये, पण मूळ फौजदारी खटल्यात बचावाच्या वकिलाला तो रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. हायकोर्टाला तारखेचा दर १,००० आणि ७५०, कमाल १०,०००. हे किमान आहेत, राज्य प्राधिकरण स्वतःचा तक्ता ठरवतं आणि तो वाढवू शकतं, म्हणून पॅनलवर नाव आलं की सचिवांच्या ऑफिसातून चालू तक्ता मागून घ्या, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

या तक्त्यात ७५० च्या आकड्यापेक्षा ७,५०० ची कमाल जास्त बघा. ७५० ने भागलं तर दहा इफेक्टिव्ह तारखा होतात, म्हणजे अकराव्या तारखेपासून मीटर बंद. एक नेहमीचा सेशन खटला धरा, आरोपी जेलमध्ये, पंधरा साक्षीदार, एकूण ४१ तारखा, त्यातल्या १४ इफेक्टिव्ह आणि २७ नॉन-इफेक्टिव्ह. दराने धरलं तर १०,५०० अधिक १३,५०० असे २४,००० होतात. मिळतात ७,५००, वर अर्जांचे ८००, म्हणजे ८,३००. ४१ ने भागा, तारखेला जेमतेम २०२ रुपये. आणि हा पैसा खटला संपल्यावर, म्हणजे कधी तीन वर्षांनी तर कधी पाच वर्षांनी.

आता यातून काय होतं ते नीट बघा, मी कोणाला वाईट म्हणत नाहीये, पद्धतच तसं करायला लावते. पहिल्या दहा-पंधरा तारखा चार्ज फ्रेम, म्हणजे आरोप निश्चित, व्हायच्या आतच जातात, कधी आरोपी जेलमधून आणला नाही, कधी गार्ड नाही म्हणून व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) हजेरी, कधी साहेब रजेवर, आणि त्या तारखांवरच कमाल रक्कम संपते. मग खरा खटला, साक्षीपुरावे, उलटतपास, युक्तिवाद, हे सगळं वकील स्वतःच्या खिशातून करतो. ज्याला घर चालवायचंय, पोरांची फी भरायचीय, तो त्या दिवशी प्रायव्हेट मॅटर असेल तर इकडे पास ओव्हर (केस नंतर घ्या) मागतो, आणि आतला माणूस आणखी एक तारीख आत राहतो. बाहेर लोक म्हणतात सरकारी वकील फुकटचा, लक्ष देत नाही. आधी तो सरकारी वकील नाही, सरकारी वकील समोरचा, पण हा घोळ आरोपीच्या घरच्यांच्या डोक्यात कायम असतो, आणि लक्ष देत नाही म्हणताना त्याला लक्ष द्यायचे पैसेच धरलेले नाहीत हे कोणाला माहीत नसतं.

इफेक्टिव्ह तारीख कोणती यावरूनही वाद होतात. साधारण ज्या दिवशी काही तरी पुढे सरकलं, साक्ष झाली, उलटतपास झाला, जामिनावर युक्तिवाद झाला, आरोपीचा ३१३ चा जबाब झाला (आता बीएनएसएस ३५१), ती इफेक्टिव्ह. पण हे ठरतं रोजनाम्यातल्या, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीतल्या, एका ओळीवरून. मी एकदा पंचाचा उलटतपास घ्यायला पूर्ण तयारीने गेलो, पंच आला पण मुद्देमाल मालखान्यातून आलाच नाही, एक तास थांबलो, शेवटी मी लेखी हरकत दिली आणि त्यावर दोन्ही बाजूंचं ऐकून आदेश झाला. रोजनाम्यात लिहिलं गेलं, पंच हजर, मुद्देमाल अभावी तहकूब. बिलात ती तारीख नॉन-इफेक्टिव्ह धरली गेली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी डायरीत तीन गोष्टी लिहायला लागलो, काय झालं, माझ्याकडून काय झालं, आणि माझा कुठला कागद कितव्या निशाणीला लागला. निशाणी क्रमांक दाखवला की हिशोबनीस पण वाद घालत नाही, कारण तो कागद रेकॉर्डला असतो.

आणि आता ज्याचे पैसेच नाहीत ते काम. एक ३०२ ची, म्हणजे खुनाची, केस सांगतो, गाव आणि नावं सोडून. शेताच्या बांधावरून भांडण, विहिरीपाशी झटापट, एकाच्या डोक्यात दांडकं लागून मृत्यू. मुख्य साक्षीदार मयताचा चुलता, त्याचा जबाब असा की मी माझ्या घराच्या ओट्यावर बसलो होतो, आरोपीने आधी दांडकं उचललं आणि मागून मारलं. आरोपी मला जेलमध्ये एकच गोष्ट परत परत सांगायचा, साहेब, तिथून विहीर दिसतच नाही. मी तीनदा जेलला गेलो तेव्हा तो एवढं तरी बोलला, पहिल्या भेटीत नुसता रडत होता. स्पॉट पंचनाम्याच्या नकाशात घर, वाट, विहीर सरळ रेषेत काढलेली, मध्ये काही नाही. रविवारी ज्युनियरला घेऊन एसटीने गेलो, फाट्यापासून चार किलोमीटर चालत. ओट्यासमोर गोठा, गोठ्याला विहिरीच्या बाजूने पत्रा मारलेला, आणि पत्र्याच्या वरून फक्त विहिरीवरच्या लिंबाचा शेंडा दिसत होता.

उलटतपासात चार प्रश्न विचारले. ओट्यासमोर गोठा आहे का, आहे. कधीपासून, वडिलांच्या काळापासून. पत्रा कोणत्या बाजूला, विहिरीच्या बाजूला. उंची किती, त्याने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवली. साहेबांनी लिहिणं थांबवून वर बघितलं आणि स्टेनोला सांगितलं, साक्षीदार हात वर करून उंची दाखवतो, असं घ्या. आधी कोणी दांडकं उचललं हा भाग त्या साक्षीदाराकडून सिद्ध झाला नाही. ३०२ टिकलं नाही, दंड संहितेच्या ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे सदोष मनुष्यवधासाठी, सात वर्षं शिक्षा झाली, साडेपाच वर्षं त्याने आतच काढली होती. जन्मठेप आणि सात वर्षं यातला फरक त्या रविवारने पडला. त्या रविवारचे, एसटीच्या तिकिटाचे, तीन जेल भेटींचे बिलात शून्य रुपये. उलटतपासाच्या दिवसाचे पण शून्य, कारण त्या तारखेपर्यंत आमची कमाल रक्कम केव्हाच संपली होती.

असंच दुसरं काम जामिनानंतरचं. जामीन अर्जाचे ४०० रुपये घेतलेत, ऑर्डर झाली, वकिलाच्या हिशोबात काम संपलं. पण जामीनदार कोण आणणार? गावाकडून भाऊ येतो, त्याच्याकडे सातबारा नाही, रेशनकार्डावर नाव नाही, आणि माणूस जामीन मंजूर होऊन आतच. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर सूचना दिल्यात, जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्यात जामीन भरला नाही तर कोर्टाने अटी शिथिल करायचा विचार करायचा. या सूचना चांगल्या आहेत, पण अट शिथिल करायचा अर्ज शेवटी कोणी तरी लिहायचा असतो, आणि दोन अर्जांत ८०० ची कमाल संपलेली असते. मी तो अर्ज कायम दिला, तुम्ही पण द्या, फक्त तो फुकट द्यावा लागतोय हे डोक्यात स्पष्ट असू द्या.

बिल लावायचं कसं. केस संपली की कम्प्लिशन रिपोर्ट, निकालाची प्रत, नेमणूक पत्र, तारखांचा तक्ता आणि सुरुवातीला एकदा बँक पासबुक, पॅन. नाल्साच्या २०१० च्या रेग्युलेशनमध्ये लिहिलंय की रिपोर्ट आल्यावर विनाविलंब फी द्यायची. प्रत्यक्षात मी ज्या एका ठिकाणी बरीच वर्षं काम केलं तिथे माझी अकरा बिलं दीड वर्ष पडून होती, एकदा ग्रँट नाही म्हणून, एकदा निकालाची नक्कल सर्टिफाईड नाही म्हणून, आणि एकदा मार्चअखेर निघून गेली म्हणून. शेवटी मी सगळ्या बिलांची एकच यादी केली, प्रत्येकासमोर दाखल केल्याची तारीख, आणि त्यावर पोच घेऊन अध्यक्षांना, म्हणजे प्रधान जिल्हा न्यायाधीशांना, सविनय पत्र दिलं. पंधरा दिवसांत नऊ बिलं निघाली. भांडायची गरज पडली नाही, लेखी मागायची गरज होती. तुम्ही बिल साठवू नका, निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज आणि पुढच्या आठवड्यात बिल, आणि पोच घेतल्याशिवाय कागद टेबलावर ठेवू नका.

एक गोष्ट मात्र कितीही उशीर झाला, कितीही कमी मिळाले तरी करायची नाही. आरोपीच्या घरच्यांकडून काहीही घ्यायचं नाही. झेरॉक्सचे नाही, प्रवासाचे नाही, चहाचे पण नाही. रेग्युलेशनमध्ये मनाई आहे, पॅनलवरून नाव जातं आणि बार कौन्सिलकडे तक्रार गेली तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तणूक धरली जाते. पण मी हे त्यासाठी सांगत नाहीये. ज्या बाईने नवऱ्याच्या केससाठी आधीच कोणाला तरी दहा हजार देऊन फसवून घेतलंय तिला पहिल्यांदा कोर्टाच्या पायऱ्यांवर कोणी तरी सांगतं की एक रुपया लागणार नाही, तर ती आधी विश्वासच ठेवत नाही, आणि तुम्ही नंतर दोनशे रुपये मागितलेत तर तिच्या लेखी आधीचा माणूस आणि तुम्ही एकच.

तुमच्या अनुभवाचा मुद्दा पण बघा. पॅनलला किमान तीन वर्षं लागतात. पण जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा केसमध्ये २०१९ च्या अनोखीलाल निकालाप्रमाणे किमान दहा वर्षांचा वकील हवा आणि तयारीला साधारण किमान सात दिवस द्यायचे. तो खटला खांडव्याचा, ज्या दिवशी लीगल एडचा वकील नेमला त्याच दिवशी चार्ज फ्रेम झाला आणि तेरा दिवसांत फाशीपर्यंत पोचला. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, फेरसुनावण्या झाल्या आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला, अकरा वर्षांनी. ही केस मी प्रत्येक ज्युनियरला सांगतो. वकील दिला एवढ्याने भागत नाही, त्याला वाचायला वेळ लागतो, आणि वेळेचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो. दहा वर्षांचा वकील हवा ही अट आली, पण दहा वर्षांच्या वकिलाला तेवढ्या तयारीचे पैसे देणारा रकाना काही त्या निकालाबरोबर आला नाही.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला क्राऊन कोर्टाची लीगल एड फी देताना गुन्ह्याचा प्रकार आणि खटल्याचे दिवस यांच्याबरोबर सरकारी पुराव्याची पानं पण मोजतात. तिथेही सगळं आलबेल नाही, २०२२ मध्ये तिथल्या फौजदारी बॅरिस्टरांनी फीसाठी संप केला, सप्टेंबरमध्ये तो बेमुदत झाला आणि ऑक्टोबरमध्ये मतदान करून मिटला. पण पानं मोजणं म्हणजे वाचणं हे काम आहे हे मान्य करणं. आपल्याकडे ६०० पानांची चार्जशीट आणि ४० पानांची चार्जशीट बिलात सारखीच.

आता दुसरा पर्याय, लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे लीगल एड डिफेन्स कौन्सिल सिस्टीम. नाल्साची २०२२ ची सुधारित योजना, त्यात चीफला दहा वर्षं, डेप्युटीला सात, आणि असिस्टंटला शून्य ते तीन वर्षांचा फौजदारी अनुभव. म्हणजे ताई, तुम्ही बरोबर उंबरठ्यावर आहात, पॅनलसाठी तीन पूर्ण व्हावी लागतात आणि असिस्टंटसाठी तीनच्या आत बसावं लागतं, जाहिरातीतली मोजणीची तारीख आधी बघा. मानधन जिल्ह्याच्या वर्गवारीवर, योजनेत चीफला महिना साधारण ५०,००० ते १ लाख आणि असिस्टंटला २०,००० ते ४५,००० असं धरलंय. काम पूर्णवेळ, प्रायव्हेट वकीलपत्र एकही घ्यायचं नाही. करार सुरुवातीला दोन वर्षांचा, पुढे काम बघून वाढतो.

यात सगळ्यात मोठा फायदा तोच जो मी वरपासून सांगतोय, तारीख मोजणं थांबतं. जेलला गेलात, घटनास्थळी गेलात, अट शिथिल करायचा अर्ज दिलात, सगळं कामात धरलं जातं, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, कम्प्लिशन रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. माझ्या दोन वर्षांत आम्ही दर आठवड्याला जेल भेट ठरवून टाकली होती, आणि नुसत्या त्या भेटींमधून कळायचं की अमक्याचा जामीन होऊन महिना झालाय, तमक्याचं चार्जशीट मुदतीत आलंच नाही आणि डिफॉल्ट बेलचा हक्क तयार झालाय. पॅनलवर असताना हे कळायला आरोपीच्या घरचं कोणी तरी शोधत यावं लागायचं.

तोटे पण सांगतो. केसेस खूप येतात आणि नाही म्हणता येत नाही, एका असिस्टंटला एका दिवशी तीन कोर्टांत रिमांड, मग परत तेच पास ओव्हर. दोन आरोपींचा बचाव एकमेकांविरुद्ध असेल तर एकाच ऑफिसने दोघांसाठी उभं राहायचं नसतं, तिथे पॅनलचा वकील मागून घ्या, लाजू नका, मी पाहिलंय लोक तसंच रेटतात आणि त्यात एका आरोपीचं नुकसान होतं. आणि कराराची नोकरी. समोरचा एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, एमपीएससीतून आलेला, त्याला पगारश्रेणी, रजा, सगळं. तुम्ही त्याच कोर्टात, त्याच केसमध्ये, दुसऱ्या बाजूला, पण दोन वर्षांनी करार वाढेल का हे माहीत नाही. त्यात कामाचा आढावा जिल्ह्यातली न्याययंत्रणाच घेते, त्यामुळे साहेबांना न आवडणारा अर्ज देताना नवीन वकील कचरतो. माझ्या एका असिस्टंटने मला विचारलं होतं, सर, केस दुसऱ्या कोर्टात न्यायचा ट्रान्सफर अर्ज दिला तर रिन्यूअलला अडचण येईल का? मी म्हणालो अर्ज माझ्या सहीने जाऊ दे. तो प्रश्न तिला पडायलाच नको होता, आणि होस्कॉटचा निकाल वाचल्यावर मला आजही वाटतं की ज्याने स्वातंत्र्य काढून घेतलं त्याने पैसे द्यायचे, पण पैसे देतो म्हणून वकिलाचा हात धरायचा नाही, ही दुसरी अर्धी गोष्ट आपल्याकडे अजून नीट बसलेली नाही.

तुमच्यासाठी माझं मत विचाराल तर बसत असेल तर असिस्टंटसाठी अर्ज करा. तालुक्याला प्रायव्हेट फौजदारी काम तीन वर्षांच्या वकिलाकडे फारसं येत नाही, आणि इथे दोन वर्षांत जेवढे उलटतपास कराल तेवढे बाहेर आठ वर्षांत होणार नाहीत. घरी कमावणारं दुसरं कोणी नसेल आणि हातातली सिव्हिल मॅटर सोडणं परवडत नसेल तर पॅनल घ्या, पण एका वेळी मोजक्याच केस घ्या आणि बाकीच्या लेखी नाकारा, दहा घेऊन दहाही अर्ध्या करू नका.

मुलाखतीला जाल तेव्हा या गोष्टी विचारा. पॅनल असेल तर चालू फी तक्ता आणि त्यातली कमाल रक्कम किती, आणि जुनी बिलं किती महिने पेंडिंग आहेत. लोकअभिरक्षक असेल तर एका असिस्टंटकडे सध्या किती चालू केसेस आहेत आणि जेलला जायला गाडी आहे की स्वतःची. विचारलं म्हणून कोणी नाव कापत नाही, आमच्या कमिटीत तरी असं विचारणाऱ्या उमेदवाराचं नाव आम्ही वर घ्यायचो. आणि सेशनच्या एखाद्या सीनियरबरोबर आधी एक पूर्ण खटला बसून बघा, चार्जपासून निकालापर्यंत, डायरी घेऊन, प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहीत. तीच डायरी पुढे तुम्हाला बिल लावायला उपयोगी पडेल.